होळीनंतर हायड्रोजेल का बिघडतं? खान्देशातल्या प्रयोगशाळांसाठी निदान आणि उपाय

तक्रार दरवर्षी तीच असते आणि तिचा हंगामही ठरलेला असतो. थंडीत केलेलं पीनायपामचं (तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या पॉलिमरचं) हायड्रोजेल, म्हणजे पाणी शोषून फुगणारं जाळं, स्वच्छ पारदर्शक उतरतं, पाण्यात छान फुगतं, औषधही पुरेसं घेतं. होळी झाली की त्याच बाटलीतली रसायनं, तीच कृती, पण जेल दुधाळ होतं. "सर, जेल धवळं व्हई गयं," म्हणत साक्री-दोंडाईचाकडची मुलं परीक्षानळी घेऊन समोर उभी राहतात. त्यात औषध भरायला जावं तर निम्मंही शिरत नाही. जे शिरतं त्यातलं बरंचसं पहिल्या तासाभरात बाहेर पडतं, पुढे आलेख सपाट होतो, आणि शेवटी सुटलेल्या औषधाची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते. मग संशय मोनोमरवर (पॉलिमरची साखळी ज्या छोट्या रेणूंची बनते त्यावर) येतो, विक्रेत्यावर येतो, डिस्टिल्ड वॉटरवर येतो. नवी बाटली मागवली जाते. ती येईपर्यंत एप्रिल उजाडतो आणि तिचंही तेच होतं.

शिरपूर, चोपडा, फैजपूर, शहादा, जळगाव, धुळे या सगळ्या ठिकाणी आपल्याकडे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत, आणि एम.फार्म.च्या प्रकल्पांची खरी धावपळ उन्हाळ्याच्या तोंडावरच सुरू होते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. बहुतेक वेळा रसायन निर्दोष असतं. चूक तापमानाची असते, ती वेगवेगळ्या टप्प्यांवर शिरते, आणि प्रत्येक टप्प्यावर तिची खूण वेगळी असते. ती खूण ओळखता आली तर महिना वाचतो.

३२ अंशांची रेघ

पीनायपाम म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलामाइड. त्याच्या साखळीवर पाण्याशी हायड्रोजन बंध जोडणारा अमाइड गट आहे आणि पाणी टाळणारा आयसोप्रोपिल गटही आहे. थंड पाण्यात अमाइडची सरशी होते, साखळी उलगडलेली राहते. तापमान साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की आयसोप्रोपिल गटांभोवती रांगेत बसलेले पाण्याचे रेणू सुटून जातात, साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि जेल पाणी बाहेर टाकून आकसतं. हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये पाण्यातल्या पीनायपामचं हे वागणं मांडलं. या तापमानाला एलसीएसटी म्हणतात. शरीराच्या ३७ अंशांच्या खाली आणि थंड देशांतल्या खोलीच्या २०-२५ अंशांच्या वर ही रेघ पडते, म्हणून औषधवितरणात या पॉलिमरचं एवढं महत्त्व.

शोधनिबंधात 'खोलीच्या तापमानाला चोवीस तास' असं लिहिलेलं असतं तेव्हा ती खोली २०-२५ अंशांची असते. भुसावळ-जळगावला वैशाखात बाहेर पारा ४२ च्या पुढे असतो आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दुपारी ३६-३८ अंश सहज भरतात. म्हणजे टेबलावर नुसतं ठेवलेलं जेलसुद्धा रेघेच्या पलीकडे गेलेलं असतं. निबंधाचा लेखक फुगलेल्या जेलवर काम करत होता, आपण त्याची कृती ओळ न् ओळ पाळूनही आकसलेल्या जेलवर काम करतो आहोत.

भिंतीवरच्या तापमापकावर विसंबू नका. तापमापक बीकरमध्ये, जेलच्या शेजारी बुडवा. खिडकीजवळच्या आणि कपाटातल्या बीकरमध्येही चांगला फरक निघतो.

पहिली परीक्षा: बर्फाचं पाणी

बाकी काहीही करण्याआधी पांढरं पडलेलं जेल बर्फाच्या पाण्यात घाला आणि भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गोठणकप्प्यात नको, खाली. सकाळी दोनपैकी एक दिसेल.

जेल पारदर्शक झालं असेल तर त्याला काहीही झालेलं नाही. जाळं चांगलं आहे, ते फक्त रेघेच्या वर होतं. असं जेल फेकू नका, पुढचे टप्पे थंडीत करा म्हणजे झालं.

थंड पाण्यातही पांढरंच राहिलं तर जाळं तयार होतानाच तापमान ३२ च्या वर गेलं होतं. साखळ्या वाढता वाढता गोळा होत गेल्या, क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन, त्याच अवस्थेत त्यांना बांधत गेला, त्यामुळे काही ठिकाणी दाट गाठी आणि मधे मोठी छिद्रं असं विषम जाळं बनलं. हे दुरुस्त होत नाही. अशी जेलं आकसण्या-फुगण्यात पारदर्शक जेलपेक्षा चपळ असतात, आणि काही संशोधक मुद्दाम तशी बनवतात. पण तुम्हाला तशी हवी नसतील तर जानेवारीची आणि एप्रिलची बॅच एका आलेखावर मांडूच नका. ती दोन वेगळी द्रव्यं आहेत.

जेल घडवताना

इथे आणखी एक गोष्ट लपलेली असते. अमोनियम परसल्फेट (अभिक्रिया सुरू करणारा आरंभक) आणि टेमेड (त्याला वेग देणारं रसायन) घातल्यावर जी अभिक्रिया होते ती उष्णता सोडते. खोली २८ अंशांची असली तरी जाड नळीच्या मधोमध तापमान ३२ ओलांडू शकतं. म्हणून पुष्कळदा जेलचा कडेचा भाग स्वच्छ आणि गाभा दुधाळ दिसतो. अशी नळी दिसली की कारण शोधत बसायची गरज नाही.

उपाय सरळ आहे. मोनोमरचं द्रावण आधी बर्फात गार करा, मगच आरंभक घाला. नळी किंवा साचा १५ ते २० अंशांच्या पाण्यात ठेवा आणि पाण्याचं तापमान पहिला तासभर बघत राहा. जाड नळीऐवजी दोन काचांमध्ये एक-दोन मिलिमीटरची फट ठेवून पातळ पत्रा ओतलात तर उष्णता लवकर निघून जाते आणि पुढे धुण्याचं कामही हलकं होतं. थंडीत अभिक्रिया हळू चालते, म्हणून आरंभक वाढवण्याचा मोह होतो. तो टाळा, वेळ वाढवा. आरंभक वाढवला की साखळ्या आखूड होतात आणि न बांधलेल्या, सुट्या साखळ्यांचं प्रमाण वाढतं. हेच सुटे तुकडे पुढे आकडे बिघडवतात.

पावसाळ्यातली तक्रार वेगळी असते: जेल घट्टच होत नाही. परसल्फेट हवेतली ओल ओढतं आणि हळूहळू निकामी होतं. बाटलीत खडे झालेले दिसले तर ते वापरू नका. वरचा थर चिकट आणि खाली घट्ट असं झालं तर तो ऑक्सिजनचा परिणाम आहे, द्रावणातला ऑक्सिजन घालवण्यासाठीचा नायट्रोजन नीट सोडला गेलेला नाही. एवढं तपासलं की पावसाळ्याचा प्रश्न सहसा सुटतो.

नायपाम मोनोमर आणि बिसअॅक्रिलामाइड (क्रॉसलिंकर) दोन्ही हातमोजे घालूनच हाताळायचे. घामाने हात ओले असतात म्हणून मोजे काढून काम करणारी मुलं उन्हाळ्यात हमखास दिसतात. हे अजिबात चालवून घेऊ नका. न जुळलेला मोनोमर विषारी आहे.

धुणं आणि औषध भरणं

उन्हाळ्यातल्या वाईट आकड्यांचं मूळ माझ्या मते सर्वात जास्त वेळा इथेच सापडतं, आणि याकडेच लक्ष सर्वात कमी जातं. जेल चार दिवस पाण्यात ठेवलं, रोज पाणी बदललं, असं वहीत लिहिलेलं असतं. पण ते पाणी ३६ अंशांचं असेल तर जेल पूर्ण वेळ मिटलेलं होतं. आतला मोनोमर आणि सुट्या साखळ्या आतच राहिल्या. धुणं वहीत झालं, जेलचं झालं नाही.

फ्रिजमध्ये जागा नसते ही खरी अडचण आहे. त्यावर आपल्याकडे माठ आहे. कोरड्या उन्हात माठाचं पाणी बाष्पीभवनाने खोलीपेक्षा कितीतरी गार राहतं आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवलेल्या चांगल्या पाझरत्या माठात ते ३० च्या खाली सहज येतं. झाकणाच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर आणि जेल घालून ती बाटली माठात बुडवून ठेवा. माठाचं पाणी जेलला लागता कामा नये, का ते पुढे येईलच. तापमान मोजून लिहा. हवा दमट झाली की माठ गार राहत नाही, त्यामुळे जूनमध्ये मृगाची ढगं जमू लागल्यावर ही युक्ती सोडून द्यायची.

जाडीचा हिशेब इथे फार महत्त्वाचा. पाणी किंवा औषध जेलमधून आरपार जायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट जाडीला चौपट वेळ. एक मिलिमीटरच्या चकतीला एक दिवस लागत असेल तर तीन मिलिमीटरच्या चकतीला नऊ दिवस लागतील.

औषध भरतानाही तेच. सुकं जेल औषधाच्या द्रावणात १० ते २० अंशांवर फुगू द्या. ३६ अंशांच्या द्रावणात टाकलेलं जेल पृष्ठभागावर औषधाचा लेप घेतं, आत जवळजवळ काही घेत नाही, आणि मग तो लेप विमोचनाच्या, म्हणजे औषध जेलमधून सुटण्याच्या, पहिल्या काही मिनिटांत धुऊन जातो. पहिल्या तासातला जो उसळता आकडा तुम्ही 'बर्स्ट' म्हणून लिहिता तो अनेकदा एवढाच असतो. खात्री करायची तर भरलेली चकती गार बफरमध्ये (पीएच कायम राखणाऱ्या द्रावणात) क्षणभर बुडवून काढा आणि त्या बफरमध्ये किती औषध उतरलं ते मोजा.

उसळी, मग सपाट रेघ

पृष्ठभागाचा लेप धुऊनही पहिली उसळी राहिली आणि नंतर विमोचन थांबलं तर मात्र ते बिघाड नसून पीनायपामचा स्वभाव असू शकतो. गार, फुगलेलं जेल ३७ अंशांच्या माध्यमात टाकलं की बाहेरचा थर आधी आकसतो. आकसताना थोडं औषध पिळून बाहेर पडतं, मग त्या दाट थराची कातडी बनते आणि आतलं औषध कोंडलं जातं. जपानमध्ये ओकानो आणि अमेरिकेत किम, बे यांच्या गटांनी याच कातडीचा उपयोग करून चालू-बंद होणारं विमोचन दाखवलं. तापमान कमी केलं की चालू, वाढवलं की बंद.

प्रकल्पाच्या आराखड्यात मात्र बरेचदा 'शरीराच्या तापमानाला औषध सुटेल' असं गृहीतक लिहिलेलं असतं. साध्या पीनायपाममध्ये ते उलटं आहे. चाचणी सोपी: एक चकती २५ वर, दुसरी ३७ वर ठेवा. २५ वर विमोचन हळूहळू पूर्ण होत असेल आणि ३७ वर मधेच अडत असेल तर कातडी बनते आहे. मग गृहीतक बदला किंवा जेलची रचना बदला, आकड्यांना दोष देऊ नका.

शंभराच्या वर गेलेली बेरीज

ही खूण दिसली की तीन ठिकाणी बघा.

एक, यूव्ही यंत्र, जे नमुना किती प्रकाश शोषतो यावरून औषध मोजतं. नीट न धुतलेल्या जेलमधून सुट्या पीनायपाम साखळ्या बाहेर येतात. ३७ अंशांच्या नमुन्यात त्या गढूळ होतात आणि प्रकाश विखुरतात, यंत्र ते शोषण समजतं. औषध जिथे अजिबात शोषत नाही अशा ६०० नॅनोमीटरवर वाचन घ्या. तिथे आकडा आला तर तो गढूळपणाच आहे. नमुना २० अंशांवर आणा, गढूळपणा जातो, मग मोजा. २३० च्या खालच्या तरंगलांबीवर उरलेला मोनोमरही शोषतो. औषध न भरलेल्या जेलचं समांतर विमोचन चालवल्याशिवाय कुठलाही आकडा मान्य करू नये असं माझं ठाम मत आहे. त्याला एक बीकर जास्त लागतो, एवढंच.

दोन, बाष्पीभवन. आपल्या कोरड्या हवेत उघड्या बीकरमधलं माध्यम चोवीस तासांत चांगलंच घटतं आणि औषधाची तीव्रता फुकट वाढते. बीकर सुरुवातीला आणि शेवटी तोला, घट पाण्याने भरून काढा, झाकण ठेवा. फुगलेलं जेल तोलतानाही पंखा आणि कूलर बंद हवा, नाहीतर तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरत राहतो.

तीन, वॉटर बाथ. साध्या बाथमध्ये फक्त हीटर असतो, गार करण्याची सोय नसते. खोली ४० ची असेल तर झाकलेला बाथ ३७ वर धरून ठेवणं त्याला शक्यच नाही. पाटीवर ३७ लावलेलं असतं, पाणी ३९ चं असतं. विमोचन चाचणीला अर्ध्या अंशाची मुभा असते. मेमध्ये ही चाचणी संध्याकाळी उशिरा सुरू करून पहाटेपर्यंत चालवणं किंवा वातानुकूलित खोली मिळवणं, एवढेच दोन मार्ग आहेत. थंडीत उलटं होतं. रात्री वीज गेली तर बाथ गार होत होत ३२ च्या खाली येतो, जेल पुन्हा उमलतं आणि आलेखात अकारण उंचवटा दिसतो. तापमानाची नोंद अर्ध्या तासाला ठेवली असेल तर तो उंचवटा ओळखता येतो.

पीएच बदलूनही जेल हलत नाही, किंवा नको तिथे हलतं

पीएचला प्रतिसाद मिळावा म्हणून नायपामबरोबर अॅक्रिलिक आम्ल घालतात. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे आम्लगट भारित होतात तो आकडा) ४.२५ च्या जवळ. पोटाच्या १.२ पीएचला त्याचे कार्बॉक्सिल गट विद्युतभाररहित असतात, जेल मिटलेलं. आतड्याच्या ६.८ ला ते ऋणभारित होतात, एकमेकांना ढकलतात, जेल फुगतं. इथवर पुस्तकात असतं. तापमान आणि पीएच हे दोन प्रतिसाद एकमेकांत गुंतलेले आहेत हे मात्र सुटून जातं. कार्बॉक्सिल गट भारित झाले की एलसीएसटी वर सरकतो. आम्ल दहा टक्क्यांच्या घरात असेल तर ७.४ पीएचला तो ३७ च्या बराच वर जाऊ शकतो किंवा संक्रमण दिसेनासंच होतं. 'जेल तापमानाला प्रतिसाद देत नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी आम्लाचं प्रमाण कमी करून पाहावं. १.२ पीएचला उलट एलसीएसटी खाली येतो.

बफरमधलं मीठही तो खाली ओढतं, फॉस्फेट तर जास्तच. शिवाय मिठामुळे भारित गटांचं एकमेकांना ढकलणं झाकलं जातं, म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये प्रचंड फुगणारं जेल बफरमध्ये बरंच कमी फुगतं. दोन्हीची तुलना करू नका. ट्रिस बफर वापरत असाल तर त्याचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांवर ७.४ ला लावलेला ट्रिस ३७ वर ७.१ च्या आत येतो. पीएच ज्या तापमानाला हवा त्याच तापमानाला लावा.

माठाचं पाणी जेलला लागू देऊ नका म्हटलं ते कॅल्शियममुळे. आपल्या बोअरच्या पाण्याने किटलीत आणि बाथमध्ये जो पांढरा थर बसतो तोच कॅल्शियम कार्बॉक्सिल गटांना जोडून जेलमध्ये जादा क्रॉसलिंक घालतो. नळाच्या पाण्याने खळबळलेल्या बीकरमध्ये फुगवण कमी येते ती यामुळेच. अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पॉलिमरच्या) मण्यांचं दुखणं याच्या अगदी उलट आहे. तिथे कॅल्शियमच मणी धरून ठेवतो आणि फॉस्फेट बफर तो ओढून घेतो, म्हणून मणी ७.४ ला फुटतात. तो कॅल्शियम ओढून घेतल्याचा परिणाम आहे, पीएचचा नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट औषधाची निवड. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन भरायचं, १.२ ला काही सुटलं नाही, ६.८ ला सुटलं, की जेल पीएचला प्रतिसाद देतं असा निष्कर्ष लिहायचा. ही दोन्ही औषधं आम्लधर्मी आहेत, १.२ पीएचला ती मुळातच फार कमी विरघळतात. जेल नसतं तरी आलेख बराचसा तसाच आला असता. म्हणून नुसती पूड त्याच माध्यमांत विरघळवून पाहा. आणि जाळ्याचा स्वतःचा प्रतिसाद पाहायचा असेल तर एकदा पॅरासिटामॉल भरून पाहा. त्याचा पीकेए ९.५ च्या आसपास आहे, त्यामुळे १.२ पासून ७.४ पर्यंत त्याची विद्राव्यता जवळपास सारखीच राहते, आणि ते २४३ नॅनोमीटरवर सहज मोजता येतं. त्यातही फरक दिसला तर तो जेलचा.

पोलोक्सामरवाल्यांसाठी

डोळ्यात घातल्यावर घट्ट होणारे थेंब करणाऱ्यांना हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. पोलोक्सामर ४०७ (थंडीत द्रव, उबेत जेल होणारा पॉलिमर) याचं २० टक्क्यांच्या आसपासचं द्रावण २०-२५ अंशांतच गोठायला लागतं. ते नेहमी फ्रिजच्या तापमानाला विरघळवायचं. एप्रिलमध्ये टेबलावर ढवळत बसलात तर गुठळ्याच होतील. पोलोक्सामर १८८ थोडं घालून गोठण्याचं तापमान वर नेता येतं. पण अश्रूंनी द्रावण पातळ झालं की ते तापमान आणखी चढतं, म्हणून मोजणी कृत्रिम अश्रू मिसळूनच करा, नाहीतर बाटलीत घट्ट आणि डोळ्यात पातळ असं उरफाटं औषध तयार होईल.

'२५ अंशांना द्रव, ३४ ला जेल' हे उद्दिष्ट कागदावर चांगलं दिसतं. यावलच्या किंवा रावेरच्या घरात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास फडताळातली बाटली मात्र ३८ अंशांवर असते. आपल्याकडच्या स्थिरता चाचण्यांतही दीर्घकालीन तापमान ३० आणि वेगवर्धित ४० धरतात. त्यामुळे असं द्रावण बनवलंत तर बाटली आठवडाभर ४० वर ठेवा, मग फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा पातळ होते का, चिकटपणा आणि औषधाचं प्रमाण पहिल्यासारखं येतं का, थेंब एकसारखा पडतो का, हे तपासा. हे चक्र काही वेळा फिरवा. पातळ होत असेल तर लेबलवर 'फ्रिजमध्ये ठेवा, वापरण्याआधी द्रव आहे का पाहा' असं मराठीत छापायचं. होत नसेल तर पोलोक्सामर सोडा आणि आयनांमुळे घट्ट होणारं जेलन गम घ्या. ते बाटलीत उन्हाने गोठत नाही, अश्रूंमधल्या क्षारांनी डोळ्यातच घट्ट होतं.